चुकीचे निकाल देणारे माझे व्याही

माझ्या व्याह्यांइतका संशयी माणूस अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे आणि ते मागे घेण्याचा माझा कोणताही विचार नाही. मी स्वतः एका सरकारी कार्यालयाच्या विधी शाखेत हयात घालवलेला मनुष्य. समोरच्याच्या तोंडी शब्दावर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळत असे. परंतु माझा संशय कागदपत्रांपुरता मर्यादित आहे. व्याह्यांचा संशय चराचराला व्यापून उरतो. कलिंगड पहिल्याच फोडीला गोड लागले, तर ते दुसरी फोड चार जणांना चाखवून पाहतात. रविवारी फादरांचे प्रवचन लवकर आटोपले, तर फादरांची प्रकृती बरी नसावी म्हणून चौकशीला जातात. कोळणीने भाव न करताच पापलेट दिले, तर ते पापलेट घरी आणून खिडकीच्या उजेडात धरून बसतात. वारा पडला की त्यांना समुद्राची शंका येते आणि वारा सुटला की वीज मंडळाची. या दुसऱ्या शंकेपुरता मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. त्या मंडळाला मी लिहिलेल्या पत्रांची उत्तरे अद्याप यायची आहेत.

आमचे नाते विशेष विवाह कायद्यान्वये जुळले. माझा मुलगा आणि त्यांची मुलगी यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला, आणि त्याचा अर्ज मी स्वतः भरला, कारण दुसऱ्या कोणी भरला असता तर तो चुकला असता. आम्ही मूळचे कोकणातले, गास गावच्या शेतांकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका इमारतीत राहणारे; ते भुईगावचे, पिढीजात ख्रिस्ती बागायतदार. केळी, मोगरा, विहीर, आणि विहिरीच्या काठावर बसून घरच्या बोलीत चालणाऱ्या गप्पा, ज्या मला आजही निम्म्याच कळतात. नोंदणीच्या दिवशी व्याह्यांनी माझी सही बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, “व्याही, सही फार सरळ करता हो तुम्ही.” मी ती प्रशंसा समजून आभार मानले. पुढे बऱ्याच वर्षांनी सुनेकडून कळले, की त्या रात्री घरी जाऊन त्यांनी सांगितले होते, “माणूस बरा दिसतो, पण एवढी सरळ सही कोण करतं? लक्ष ठेवा.”

ते शाळेत कवायत आणि खेळ शिकवीत. बेसबॉल हा खेळ त्यांच्या आयुष्यात कसा आला, याची त्यांनी सांगितलेली हकीकत मला आजतागायत पटलेली नाही. शाळेने म्हणे क्रिकेटचे सामान मागवले होते, आणि पेटाऱ्यात निघाले बेसबॉलचे: चामड्याचे फुगीर पंजे, टोपीला जाळी लावल्यासारखे मुखवटे आणि गोल दांडके. कोणत्याही सुजाण ग्राहकाने ते सामान त्याच दिवशी लेखी तक्रारीसह परत पाठवले असते. व्याह्यांनी पेटारा उघडा ठेवला, एक पंजा हातात घालून पाहिला आणि मुख्याध्यापकांना सांगितले, “हे चुकून आलेलं नाही. हे कुणीतरी मुद्दाम पाठवलंय. बघू तरी.” कोणी मुद्दाम पाठवले, याचा शोध लागला नाही, मात्र तेवढ्यात ते तो खेळ शिकून बसले. निवृत्तीनंतर वाडीशेजारच्या रेताड मोकळ्या रानात, सुरूच्या झाडांच्या कडेला, त्यांनी आसपासच्या मुलामुलींना दर रविवारी तो शिकवायला सुरुवात केली. ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी इतकेच सांगतो, की चेंडू बॅटने मारायचा आणि पुढच्या बेसकडे जिवाच्या आकांताने धावायचे. चेंडू आधी पोहोचला तर धावणारा आऊट, धावणारा आधी पोहोचला तर सेफ. पंचाने एवढेच प्रामाणिकपणे पाहायचे असते. या शेवटच्या वाक्यातच आमच्या साऱ्या कलहाचे मूळ आहे.

खेळाच्या मैदानावर व्याह्यांना सर्वांत मोठा संशय असतो तो अंगभूत गुणांचा. एकदा विरारच्या एका उंच इमारतीतला नवा मुलगा आला. त्याने पहिलाच चेंडू असा फेकला, की तो सूं करीत पलीकडच्या मुलाच्या पंजात जाऊन बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्याह्यांचा चेहरा मात्र घरात चोर शिरल्यासारखा झाला. “फार छान टाकतो हा,” ते माझ्या कानाशी म्हणाले. “ह्याला सांभाळायला पाहिजे. ह्याला आजवर कधी दमावं लागलेलं नाही.” उलट जूचंद्रहून येणारा एक जाडसर मुलगा होता, त्याची बॅट आणि चेंडू यांची भेट क्वचितच होई. पण भेट झाली की तो बेसकडे असा धावे, की मागे रेतीचा पडदा उभा राही. त्याच्याकडे पाहताना व्याह्यांच्या चेहऱ्यावर जे भाव येत, ते मी त्यांच्या स्वतःच्या नातवंडांच्या बारशालाही पाहिले नव्हते.

दुसरा संशय कौतुकाचा. कठड्यावर बसलेल्या एका आईने “वेल प्लेड, बाळा!” असे ओरडताच त्यांनी खेळ थांबवला, शांतपणे तिच्यापर्यंत चालत गेले आणि विचारले, “ताई, नक्की काय वेल? तो तर उभा होता.” तिसरा संशय लंगडण्याचा. आऊट होऊन परतणारा कोणी पाय ओढू लागला, की व्याही लगेच त्याच्या पोटरीकडे बोट दाखवीत. “काय रे, आऊट झाल्यावरच लंगडतोस? सेफ झालास तेव्हा दोन्ही पाय होते ना?” मुले हसत आणि लंगडणारा जागेवरच बरा होई. वैद्यकीय दाखल्यावाचून असे निदान करणे नियमबाह्य आहे, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले होते. “दाखला बघा तो,” ते म्हणाले. दाखला त्या वेळी पाणी प्यायला टणाटण उड्या मारीत निघाला होता.

हे सारे मी सहन केले असते. परंतु आमची सामायिक नात जुई बारा वर्षांची झाली आणि रविवारी नानांच्या, म्हणजे व्याह्यांच्या, मैदानावर जाऊ लागली. मैदानावर तिने त्यांना ‘सर’ म्हणायचे, अन्यथा त्यांना ऐकू येत नसे. एका रविवारी ती घरी आली ती डोळे पुसतच.

“आजोबा, मी सेफ होते. सरांनी आऊट दिलं.”

“अंतर किती होते?”

“एवढं!” तिने दोन्ही हात पसरले.

“साक्षीदार?”

“सगळेच! आऊट करणारी पण म्हणाली, तू सेफ होतीस म्हणून.”

प्रतिपक्षाची कबुली असताना विरुद्ध निकाल! मला त्या रात्री जेवण गेले नाही. पुढच्या रविवारी मी जातीने मैदानावर गेलो, सुरूखाली खुर्ची टाकली आणि निरीक्षण केले. प्रथम मला त्यांच्या दृष्टीची शंका आली. मग पक्षपाताची, पण ते दोन्ही बाजूंवर सारखाच अन्याय करीत होते. मग मला त्यात एक सूत्र दिसू लागले. ज्या मुलाचा खेळ रंगात आला असेल, ज्याची छाती जरा पुढे आली असेल, नेमका त्याच्यावर चुकीचा निकाल कोसळे. आणि निकाल देऊन झाला, की व्याही चेंडूकडे पाहतच नसत. ते त्या मुलाकडे पाहत.

खेळ संपल्यावर मी त्यांना गाठले. “व्याही, आज जुई सेफ होती.”

“होतीच,” ते म्हणाले. “चांगली हातभर आधी पोहोचली होती.”

“मग आऊट का दिलेत?”

“पुढच्या बॉलला कशी धावते, ते बघायचं होतं.”

मी स्तंभित झालो. नोकरीत मी अज्ञानी अधिकारी पाहिले, आळशी पाहिले, दडपणाखाली वाकलेलेही पाहिले. पण योग्य निकाल ठाऊक असताना, शांत चित्ताने, मुलांच्या भल्यासाठी म्हणून चुकीचा निकाल देणारा अधिकारी मी प्रथमच पाहत होतो. “सेफ दिल्यावर सगळेच धावतात हो,” ते पंजे गोळा करीत मला समजावू लागले. “आऊट दिल्यावर, आणि तेही खोटं आऊट दिल्यावर, पुढचा बॉल आला की पोरगं फुरंगटून उभं राहतं की जीव तोडून धावतं, तिथं कळतं. बाकी सगळं नाटक.”

घरी येऊन मी त्यांना पत्र लिहिले. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे, बाजू मांडण्याची संधी, निकालाची कारणमीमांसा, असा सविस्तर ऊहापोह करून ते रजिस्टर टपालाने पोचपावतीसह भुईगावला धाडले. सौभाग्यवतींनी डोक्याला हात लावला. “अहो, सुनेच्या वडिलांना रजिस्टर पत्र? आपण जेवायला जाणार आहोत ना त्यांच्याकडे सणाला?” आम्ही जेवायला गेलो. व्याह्यांनी माझ्या पानात स्वहस्ते वाढले आणि म्हणाले, “पत्र मिळालं बरं का, व्याही. छान आहे. पहिली दोन पानं जीव लावून लिहिलीत. तिसऱ्या पानावर मात्र ‘वरीलप्रमाणे’ म्हणून सुटलात. दमलात ना?” मी घरी येऊन पत्राची माझ्याकडची स्थळप्रत काढून पाहिली. त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते, ही माझ्या संतापात पडलेली भरच होती.

तेव्हा मी वेगळा मार्ग पत्करला. जुईला मी आक्षेप नोंदवायला शिकवले. रडायचे नाही, हातवारे करायचे नाहीत, आवाज चढवायचा नाही, ताठ उभे राहून म्हणायचे, “सर, मला हा निकाल मान्य नाही. नोंद घ्यावी.” आणि आपल्या जागी जायचे. तिने ते पहिल्याच रविवारी अंमलात आणले. महिनाभरात सबंध मैदानाला ती लागण झाली. जूचंद्रचा तो जाडसर मुलगा धापा टाकीत म्हणू लागला, “सर, क्लिअर सेफ होता यार... म्हणजे, नोंद घ्यावी.” व्याह्यांना यात माझा हात असल्याचा संशय आला, आणि तो रास्त होता. पण आक्षेप नोंदवून जुई पुढच्या चेंडूला पूर्वीपेक्षाही वेगाने धावे, आणि त्यांची पंचाईत होई. “बोलते तुमच्यासारखी,” ते एकदा चडफडत म्हणाले, “आणि धावते आमच्यासारखी. आता ह्या पोरीला काय म्हणायचं?” आमच्या उभय पक्षांत त्यावर एकमत झाले नाही. मी म्हणे, तिला न्याय हवा आहे. ते म्हणत, तिला पुढचा बॉल हवा आहे. वाद त्याच ठिकाणी थांबे आणि चहा येई.

गेल्या हिवाळ्यात मुलामुलींच्या मिश्र संघांची एक स्पर्धा झाली, आणि भुईगावचा हा संघ प्रथमच उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचला. जिंकले तर अंतिम सामना. जुईने आठवडाभर घरात दुसरा विषय काढू दिला नव्हता. सामना परक्या मैदानावर, पंच परका. शेवटच्या डावात आपला संघ एका धावेने मागे, आणि शेवटचाच गडी उरलेला. जूचंद्रच्या मुलाने त्या दिवशी बॅटची चेंडूशी गाठ घालून दिली. तिसऱ्या बेसवरून जुई सुटली ती, पाय टेकताच धाव मोजली जाते त्या घरच्या बेसकडे, घसरत, धुळीत लोळत आली. तिचा पाय बेसवर टेकला होता. पाय टेकल्यानंतर चेंडू धरलेला पंजा तिला लागला. मी समोरच बसलो होतो. हे मी शपथेवर सांगेन.

पंचाने आऊट दिले. सामना संपला.

जुई उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, “सर, मला हा निकाल मान्य नाही. नोंद घ्यावी.” पंचाने तिच्याकडे आ वासून पाहिले. ती धावत जाऊन रांगेत उभी राहिली. बाकीची मुलेही पंजे गोळा करून, प्रतिस्पर्ध्यांशी हस्तांदोलन करू लागली. कोणी रडले नाही, कोणी बॅट आपटली नाही. त्यांना यात वेगळे काही वाटलेच नव्हते. दर रविवारी हेच तर होत असे.

वेडापिसा झाला तो एकच मनुष्य. व्याही मैदानाच्या मधोमध पोहोचले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि आवाज फाटला होता. “सेफ होती ती! पाय आधी होता! काय बघत होतात तुम्ही? एवढी घासत आली पोर, आणि तुम्ही...” पंच मागे सरकत होता. मी उठेपर्यंत जूचंद्रचा मुलगा पुढे झाला आणि त्याने त्यांचा शर्ट मागून धरला.

“सर, जाऊ द्या ना सर. पुढचा बॉल.”

व्याही वळले. “पुढचा बॉल कुठाय आता?” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही चहा घेत असतानाच ते आमच्या दारात उभे. हातात केळ्यांची फणी, कारण रिकाम्या हाताने ते व्याह्यांकडे येत नाहीत. खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, “लिहा.”

“काय?”

“पत्र. अपील. तुमचं जे काय असतं ते. रजिस्टर करा. तिसरं पान मी जागेवर बसून लिहून घेईन.”

मला आयुष्यात कोणी पत्र लिहा म्हणून विनंती केली नव्हती. न लिहिण्याच्या विनंत्या अनेक आल्या. माझे हात शिवशिवले. पण स्पर्धेचे नियम मी रात्रीच वाचून ठेवले होते. पाय आधी की पंजा आधी, ही पंचाने डोळ्यांनी ठरवायची बाब. त्यावर त्याचा निकाल अंतिम आणि त्याविरुद्ध दाद नाही. मी त्यांना तसे सांगितले. सांगताना मला स्वतःचा आवाज परका वाटला.

“दादच नाही?”

“नाही.”

“नीट वाचलंत?”

“वाचले.”

“तुमच्यासारख्या माणसाला एक फट सापडू नये? मला तुमचाच संशय यायला लागलाय, व्याही.”

ते केळी ठेवून निघून गेले. त्या रविवारी ते मैदानावर गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मुले येत, आपापसांत खेळत, भांडत आणि ऊन चढण्याआधी पांगत. जुई घरी येऊन विचारी, “नाना आता कधीच नाही शिकवणार का?” आणि माझ्याकडे पाही, जणू याचेही पत्र मी कुठेतरी धाडायला हवे होते.

शेवटी मीच भुईगावला गेलो. व्याही केळीला पाणी सोडीत होते. पाटाकडेच पाहत ते म्हणाले, “मी खोटे निकाल दिले, कारण ते खोटे आहेत हे मला माहीत होतं. मागे मी उभा होतो. पुढचा बॉल माझ्याच हातात होता. त्या सामन्यातलं तसं नव्हतं. पोरं कशी गप्प हात मिळवत होती, बघितलंत ना? मी त्यांना काय शिकवलं, व्याही? अन्याय झाला की रांगेत उभं राहायचं?”

“जुई गप्प नव्हती,” मी म्हणालो. “तिने आक्षेप नोंदवला, आणि नोंदवून झाल्यावर हात मिळवला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने लागोपाठ केलेल्या मी सबंध नोकरीत पाहिल्या नाहीत.”

त्यांनी माझ्याकडे तिरप्या नजरेने पाहिले. “मला बरं वाटावं म्हणून बोलताय.”

“कोणाला बरे वाटावे म्हणून मी आजवर एक वाक्य उच्चारलेले नाही.”

यावर त्यांनी बराच विचार केला. हे विधान त्यांना सर्व बाजूंनी तपासून खरे आढळले असावे. कारण त्यांनी पाय धुतले आणि येत्या रविवारी येतो म्हणाले.

ते आले. मी सुरूखाली माझ्या जागी होतो. मुलांनी ओरडून त्यांचे स्वागत केले आणि खेळ सुरू झाला. त्या सकाळी व्याही बरोबर निकाल देत होते. सेफला सेफ, आऊटला आऊट. तीनचार निकाल असे सरळ आल्यावर मुले अस्वस्थ झाली. विरारच्या त्या मुलाला जुईला हळूच विचारताना मी ऐकले, “सरांना बरं नाहीये का?” जुईने खांदे उडवले. व्याह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. पण निकाल देताना त्यांचा हात पूर्वीसारखा झटकन वर जात नव्हता. जरा रेंगाळून, जड होऊन जात होता.

मग जूचंद्रच्या मुलाने चेंडू मारला आणि रेती उडवीत पहिल्या बेसकडे धावला. पलीकडून चेंडूही निघाला. पाय आणि चेंडू एकदमच पोहोचले. सगळ्या मुलांनी सरांकडे पाहिले. व्याह्यांनी हात उचलला आणि तो तसाच अर्ध्यावर राहिला. आऊटचाही नाही, सेफचाही नाही. मग ते सावकाश माझ्याकडे वळले आणि मला प्रथमच, कोणत्याही संशयाशिवाय, विचारले, “व्याही, तुम्ही काय पाहिलंत?”

मी उठून उभा राहिलो. पण मला साक्ष देता आली नाही. पाय आणि चेंडू पोहोचले, त्या क्षणी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.